वाचकांचे प्रश्न : अतिउष्णतेत टिकणारे धातू आणि संशोधनातील करिअर

जेट इंजिन, अणुभट्टी, रॉकेट किंवा औष्णिक वीजकेंद्रातला बॉयलर अशा ठिकाणी टिकून राहतील असे धातू घडवण्याच्या संशोधनात करिअर कसे करावे, याविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तर देत आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न बहुतेक सर्वांच्याच मनात असल्यामुळे त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : मी धातुअभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. माझे वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचे बनवण्याच्या विभागात आहेत, त्यामुळे वितळलेला धातू मी लहानपणापासून पाहत आले आहे. पुढे पीएच.डी. करून प्राध्यापक होण्याची इच्छा आहे. सीनियर सांगतात की हाय एन्ट्रॉपी अलॉय घे, भविष्य त्यालाच आहे. आमचे एक सर म्हणतात की निकेलचे सुपरअलॉय घे. मी कोणता धातू निवडावा? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुम्ही धातूची निवड सर्वांत आधी करू पाहत आहात. माझ्या मते ती सर्वांत शेवटी करावी. आधी ठरवायचे ते हे की, धातू ज्या कारणांनी निकामी होतो त्यांपैकी कोणत्या कारणाचा अभ्यास आपल्याला आयुष्यभर करायला आवडेल. उष्णतेत हळूहळू ताणला जाणे, वारंवार तापून-थंडावून तडे जाणे, गरम वायूने पृष्ठभाग खाल्ला जाणे, न्यूट्रॉनच्या माऱ्याने फुगणे किंवा कडक थंडीत अचानक ठिसूळ होणे, ही एकमेकांपासून पुष्कळ वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाची तपासणी, उपकरणे आणि गणित वेगळे आहे. ‘बळकट धातू’ हा शब्दप्रयोग या क्षेत्रात अपुरा पडतो. कोणत्या तापमानाला, किती काळ आणि कोणत्या वातावरणात बळकट, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

क्रीपचेच उदाहरण घ्या. पुस्तकांच्या ओझ्याने लाकडी फळी वर्षानुवर्षे वाकत जाते, तसा तापलेला धातू त्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी भाराखालीही कणाकणाने लांबत जातो आणि शेवटी तुटतो. जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये शिरणारा वायू १५०० अंश सेल्सिअसच्या वर असतो, तर त्यात फिरणाऱ्या पात्यांचा निकेलचा मिश्रधातू, म्हणजेच तुमचे सर म्हणतात तो सुपरअलॉय, १३०० अंशांच्या आसपास वितळू लागतो. पात्याच्या आतून हवा खेळवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि वरचा झिर्कोनियाचा उष्णतारोधक थर यांच्यामुळे पाते तग धरते. तरीही ते लालभडक तापलेल्या अवस्थेत प्रचंड वेगाने फिरत असते आणि फिरण्याच्या जोराने बाहेरच्या दिशेला सतत ओढले जात असते. पात्याचे टोक आणि बाहेरचे कवच यांच्यातली फट अगदी थोडी असल्याने पाते लांबले की घासू लागते, म्हणून तुटण्याच्या पुष्कळ आधी नुसते लांबणेही धोक्याचे ठरते.

हे लांबणे बऱ्याच अंशी धातूतल्या स्फटिककणांच्या सीमांवर होते, हे लक्षात आल्यावर अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात त्या सीमाच काढून टाकण्याचा मार्ग धरला. तुम्ही फाउंड्रीच्या वातावरणात वाढला आहात, म्हणून ही पद्धत थोडी सविस्तर सांगतो. पात्याचा मेणाचा नमुना करून त्याभोवती सिरॅमिकचे कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि उरलेल्या पोकळ साच्यात निर्वात भट्टीमध्ये धातू ओततात. साच्याचा तळ पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या तबकडीवर टेकलेला असतो आणि साचा भट्टीच्या गरम भागातून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे खाली घेतला जातो. तळाशी अनेक स्फटिककण उगवतात आणि वर वाढू लागतात. पण पात्याच्या खाली एक बारीक, स्क्रूसारखा पिळदार मार्ग ठेवलेला असतो आणि त्यातून वर पोहोचताना बाकीचे कण मागे पडून एकच शिल्लक राहतो. तो एक कण पुढे संपूर्ण पाते भरून टाकतो. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे डीएमआरएलने, हे तंत्र देशात विकसित केले आणि २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशा एकस्फटिकी ६० पात्यांचा संच हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिला. जगातल्या मोजक्याच देशांकडे ही विद्या आहे. वडिलांच्या कामातून जी ओतकामाची जाण तुमच्याकडे आली असेल, ती या प्रकारच्या संशोधनात फार उपयोगी पडेल; ती कमी लेखू नका.

आता हाय एन्ट्रॉपी अलॉयविषयी. जुन्या पद्धतीत एक मुख्य धातू घेऊन त्यात थोडे थोडे इतर धातू मिसळत. या नव्या प्रकारात चार-पाच किंवा अधिक मूलद्रव्ये जवळपास सारख्या प्रमाणात घेतात. २००४ मध्ये तैवानचे जिएन-वेई येह आणि इंग्लंडचे ब्रायन कँटर या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे असे मिश्रधातू मांडले, आणि त्याच्या आदल्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. रंगनाथन यांनी ‘करंट सायन्स’मधल्या एका छोट्या लेखात बहुधातूंच्या मिश्रणांकडे लक्ष वेधले होते. कँटर यांचा क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेलचा मिश्रधातू द्रव नायट्रोजनच्या तापमानालाही ठिसूळ होत नाही, उलट तडा सहन करण्याची त्याची ताकद टिकून राहते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या विषयाकडे संशोधकांची रीघ लागली. अतिउष्णतेसाठी मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. नायोबियम, मॉलिब्डेनम, टँटलम आणि टंगस्टन यांचे मिश्रण अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० मध्ये मांडले; ते १००० अंशांच्या पुष्कळ वरही चांगली ताकद दाखवते, पण सामान्य तापमानाला ठिसूळ असते आणि जडही असते. शिवाय मॉलिब्डेनमचे ऑक्साइड गरम हवेत चक्क वाफ होऊन उडून जाते, त्यामुळे धातू वितळण्याच्या फार आधी त्याचा पृष्ठभागच नाहीसा होऊ लागतो. सुपरअलॉयना गेली कित्येक दशके कोणी हटवू शकले नाही त्याचे कारण इथे आहे. त्यांच्यातले निकेल-ॲल्युमिनियमचे सूक्ष्म घनाकार कण ७००–८०० अंशांपर्यंत तापवल्यावर मऊ पडण्याऐवजी अधिक बळकट होतात, आणि त्याच वेळी पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, घट्ट थर धरून धातू स्वतःचे रक्षणही करतो. दोन्ही गुण इतक्या चांगल्या प्रकारे एकत्र असलेला धातुगट सहज सापडत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे : क्रीप, फटीग (वारंवार ताण येऊन तडे जाणे) किंवा ऑक्सिडेशन (गरम वायूने पृष्ठभाग खाल्ला जाणे) यांपैकी एक विषय पक्का धरा आणि तो शिकवणारा धातू त्यानंतर घ्या. क्रीप नीट समजलेली व्यक्ती टर्बाइनच्या पात्यावरून बॉयलरच्या नळीकडे आणि तिथून अणुभट्टीच्या पोलादाकडे जाऊ शकते. केवळ एका मिश्रधातूची ओळख सांगणाऱ्या व्यक्तीचे काम त्या मिश्रधातूची लाट ओसरली की संपते, आणि पाच घटकांचे प्रमाण थोडे थोडे बदलून लिहिलेले निबंध कितीही झाले तरी त्यातून प्राध्यापक तयार होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा प्रयोगशाळा पाहा. शक्य असेल तर उन्हाळी इंटर्नशिपच्या निमित्ताने दोन महिने तिथे राहून या. क्रीपची यंत्रे दिसायला अगदी साधी असतात. पेन्सिलीच्या जाडीचा, दोन्ही टोकांना आटे पाडलेला नमुना उभ्या नळीसारख्या भट्टीत अडकवलेला असतो, त्याला तापमान मोजणारी दोन-तीन थर्मोकपल बांधलेली असतात, एका लांब दांड्याच्या टोकाला वजने टांगलेली असतात आणि नमुना किती लांबला याची नोंद होत राहते. आलेख सुरुवातीला भरभर चढतो, मग दीर्घकाळ जवळपास सरळ रेषेत जातो आणि शेवटी पुन्हा उसळी घेऊन नमुना तुटतो. तिथल्या संशोधकांना विचारा : सध्या किती यंत्रे चालू आहेत? सर्वांत लांब चाललेली चाचणी किती तासांची आहे? वीज गेली तर भट्टीचे काय करता? तुटलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला किती आठवडे थांबावे लागते? या उत्तरांवरून त्या गटाची खरी ताकद कळते. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुशास्त्रीय प्रयोगशाळेत आणि कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात क्रीपच्या कामाची जुनी आणि भक्कम परंपरा आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबई, नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी इथे धातुशास्त्राचे चांगले विभाग आहेत.

चाचणीच्या लांबीवर मी इतका जोर देतो, त्याला कारण आहे. वीजकेंद्रांसाठी ११ ते १२ टक्के क्रोमियम असलेली नवी पोलादे तयार झाली, तेव्हा काही हजार तासांच्या चाचण्यांत ती उत्कृष्ट ठरली. पुढे, चाचण्या लांबल्यावर, त्यांची ताकद एकदम घसरली. ज्या बारीक नायट्राइड कणांमुळे ताकद आली होती, ते कण गिळून ‘झेड फेज’ नावाचे मोठे कण तयार होत होते, आणि ही प्रक्रिया इतकी संथ होती की छोट्या चाचणीत ती दिसलीच नव्हती. जपानच्या एनआयएमएस या संस्थेने एका कार्बन पोलादाची ४०० अंशांवरची चाचणी १९६९ मध्ये सुरू केली आणि ती २०११ पर्यंत चालवली. ती सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेक जण शेवटापर्यंत नोकरीत राहणारच नव्हते, तरी त्यांनी ती लावली. हे वाचून तुम्हाला कंटाळा न येता उत्सुकता वाटली, तर हे क्षेत्र तुमचे आहे.

आणखी एक नाव तुम्हाला माहीत असावे असे वाटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत वेल्डिंग करून झपाट्याने बांधलेली मालवाहू जहाजे थंड पाण्यात अचानक दुभंगू लागली, आणि दोष वेल्डिंगचा असे सर्वांनी धरले होते. दोष प्रामुख्याने पोलादाचा आहे, ठरावीक तापमानाच्या खाली ते ठिसूळ होते, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी प्रयोगांनी दाखवले. हे त्या करू शकल्या, कारण धातू कसा ताणला जातो आणि तुटतो हा त्यांचा स्वतःचा विषय होता.

प्रश्न : मुलाने एम.टेक. केले आणि एका कारखान्यात चांगली नोकरी मिळवली. आता ती सोडून पीएच.डी. करायची म्हणतो. तिशी उलटेपर्यंत शिकतच राहायचे, मग पोटापाण्याचे काय? (पालक, नाशिक)

आपली काळजी योग्य आहे आणि तिला उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ फेलोशिपची ४२,००० रुपये आहे, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळाल्यास पहिली दोन वर्षे ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढे ८०,००० अशी रचना ठेवलेली आहे. पण तिची निवड कठीण असते आणि अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज करताना चालू नियम पाहावेत. पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे धरा. त्यानंतर प्राध्यापकपदासाठी बहुधा दोन-तीन वर्षांचे पोस्टडॉक्टरल काम लागते, आणि चांगल्या संस्थेत जागा मिळेलच अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही.

तरीही या विशिष्ट क्षेत्रात मला एक दिलासा दिसतो. इथले काम विद्यापीठाबाहेरही लागते. डीएमआरएल, विशेष मिश्रधातू बनवणारी मिधानी ही सरकारी कंपनी, भाभा अणुसंशोधन केंद्र, इस्रोचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र, तसेच टर्बाइन, फोर्जिंग आणि पोलादाच्या खासगी कंपन्या या सर्वांना अतिउष्णतेतल्या धातूंची जाण असलेली माणसे हवी असतात. मुलाला नोकरीतली दोन वर्षे पूर्ण करून मग जायला सांगावे असे मला वाटते. कारखान्यात प्रत्यक्ष बिघाड पाहिलेला विद्यार्थी पीएच.डी.ला अधिक चांगला प्रश्न घेऊन येतो आणि घरखर्चासाठी थोडी शिल्लकही त्याच्याकडे असते. मात्र दोनाची पाच होऊ देऊ नयेत.

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्र केले आहे. हल्ली नवे मिश्रधातू संगणकावर आणि मशीन लर्निंगने शोधतात असे वाचते. मग भट्टी, पॉलिशिंग वगैरे शिकण्याची गरज आहे का, आणि माझ्यासारखीला प्रवेश मिळेल का? (वाचक, अमरावती)

प्रवेश मिळेल. गेटची भौतिकशास्त्राची परीक्षा किंवा पदार्थविज्ञानाचा भाग असलेली एक्सई ही परीक्षा देऊन अनेक संस्थांच्या मटेरियल्स विभागांत पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेचा मार्गही तुम्हाला खुला आहे. धातू वाकतो तो डिस्लोकेशन नावाच्या रेषीय दोषांमुळे, ही कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी वेगवेगळी मांडली आणि तिघांपैकी कोणीही ओतशाळेतून आलेला नव्हता. धातू बळकट करणे म्हणजे या दोषांची वाट अडवणे. तुमचे भौतिकशास्त्र इथे थेट उपयोगी आहे.

किरणोत्सर्गाने होणारे नुकसान हा विषय तर तुम्हाला विशेष सुचवतो. वेगवान अणुभट्टीतल्या इंधननळीचा जवळपास प्रत्येक अणू तिच्या आयुष्यात अनेक डझन वेळा आपल्या जागेवरून उडवला जातो. बहुतेक अणू पुन्हा कुठेतरी बसतात, पण रिकाम्या राहिलेल्या जागा एकत्र येऊन पोकळ्या बनतात आणि धातू फुगतो. स्कॉटलंडमधल्या डाउनरे येथील अणुभट्टीतून काढलेल्या पोलादात अशा पोकळ्या दिसल्याचे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अणुभट्ट्यांच्या आराखड्यांचा नव्याने विचार करावा लागला. महाराष्ट्रात तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत झिर्कोनियम-नायोबियमच्या दाबनळ्या आहेत. सुमारे ३०० अंशांचे पाणी, दाब, न्यूट्रॉन आणि हायड्रोजन हे सारे त्या एकाच वेळी सोसतात.

संगणकाविषयी मात्र सावध करतो. मशीन लर्निंगला भरपूर आणि खात्रीची माहिती लागते, आणि क्रीपचा एकेक आकडा मिळायला वर्षे लागतात, त्यामुळे ही माहिती इतर क्षेत्रांच्या तुलनेत फारच थोडी आहे. वर सांगितलेला झेड फेज पाहा : पहिल्या काही हजार तासांच्या आकड्यांवर शिकवलेल्या कोणत्याही प्रारूपाने ते पोलाद उत्तमच ठरवले असते. गणना हाच मुख्य मार्ग ठेवा, पण पहिल्या वर्षी निदान एक मिश्रधातू स्वतः वितळवा, कापा, पॉलिश करा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि फेज डायग्राम, म्हणजे कोणत्या तापमानाला व प्रमाणाला मिश्रधातूची रचना कशी असते ते दाखवणारे नकाशे, मन लावून शिका.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात यांत्रिकी अभियांत्रिकी शिकवतो. आमच्याकडे साधा प्रकाश-सूक्ष्मदर्शक, एक मफल भट्टी आणि कठीणता मोजण्याचे यंत्र, एवढेच आहे. अशा ठिकाणी या विषयात काही संशोधन होऊ शकते का? (अध्यापक)

तुम्ही योग्य जिल्ह्यात आहात. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचे आहे आणि पलीकडे कोराडी, खापरखेडा आहेत. बॉयलरच्या सुपरहीटरमधल्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागातल्या, नळ्या क्रीपखालीच आयुष्य काढतात आणि १ लाख तास, म्हणजे साधारण साडेअकरा वर्षे, चालून झाल्यावर त्यांचे किती आयुष्य उरले हे तपासावे लागते. बदललेल्या जुन्या नळ्यांचे तुकडे मिळवण्यासाठी महाविद्यालयामार्फत रीतसर पत्रव्यवहार करा. दुरुस्तीच्या शटडाउनमध्ये असे तुकडे निघतात.

तुमच्याकडची तिन्ही साधने या कामाला पुरेशी आहेत. नळीच्या भिंतीचा आडवा छेद घेऊन पॉलिश आणि एचिंग (रसायनाने पृष्ठभाग हलका कोरणे) केल्यावर नव्या पोलादातली पर्लाइटची, म्हणजे लोह आणि कार्बाइडच्या पातळ थरांची, पट्टेदार रचना किती मोडली आहे आणि कार्बाइडचे गोल कण किती झाले आहेत, ते प्रकाश-सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसते. नळीच्या आतल्या बाजूला वाफेने चढलेल्या ऑक्साइडच्या थराची जाडी मोजली, तर ती नळी इतक्या वर्षांत सरासरी किती तापमानाला राहिली याचा अंदाज बांधता येतो. ती जाडी आणि कठीणता एकत्र मांडून एकाच बॉयलरच्या वेगवेगळ्या जागांवरच्या नळ्यांची तुलना करा. असा सुसंगत संच आपल्याकडे फारसा प्रसिद्ध होत नाही आणि त्यावर चांगला निबंध उभा राहू शकतो. पुढे मोजक्या नमुन्यांसाठी नागपूरच्या व्हीएनआयटीकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या वापराची विनंती करता येईल.

नळी हातात येताच पहिल्यांदा तिची जागा लिहून ठेवा : कोणत्या कॉइलमधली, कितव्या वळणाची, ज्वाळेकडची बाजू कोणती. त्या बाजूला रंगाने खूण करा. आणि विद्यार्थ्यांना बजावून सांगा की आतला थर मोजून होईपर्यंत नळी तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने साफ करायची नाही, आणि छेद घेण्यापूर्वी तो तुकडा रेझिनमध्ये बसवून घ्यायचा, म्हणजे कापताना ऑक्साइडचा थर निखळत नाही.